मी न फिरवलेला लोहचुंबक

हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही.

भोसरीजवळच्या एका स्टेडियमवर मी मुलींना खो-खो शिकवते. स्टेडियम आपलं म्हणायचं, लग्नसराईत ते मंगल कार्यालयच. आज हळद, उद्या रिसेप्शन, परवा कुणाचा तरी सत्कार. मांडव निघाला की मातीत खिळे राहतात, आणि माझ्या मुली धावतात अनवाणी. म्हणून एका वर्कशॉपमधून जाडजूड लोहचुंबक करून आणला होता. दोरी बांधून तो सगळ्या मैदानावरून ओढायचा. हे काम वॉचमन शंकरमामांचं.

त्या दिवशी मामा म्हणाले, "म्याडम, आज तेवढं तुमी फिरवा. नातीला दवाखान्यात न्यायचं हाय." मी हो म्हटलं — आणि फिरवला नाही. विसरले? छे! चांगलं लक्षात होतं. लोकांच्या लग्नातले खिळे मी का वेचू? मी कोच आहे की मांडववाल्यांचा गडी? तो राग खरा होता. आजही आहे.

पण खिळा घुसला प्रज्ञाच्या पायात. दापोडीची पोर, बाप कंपनीत शिफ्ट करणारा, माझ्याकडची सगळ्यात चपळ. राज्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली होती. ती हुकली, आणि पुढच्या वर्षी वय बसेना.

चौकशी झाली. मामा म्हणाले, "म्याडमला इचारा." मला विचारलं. मी — मी काय सांगितलं असेल? "मला ते काही बोलले नव्हते." बस, एवढंच. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून गेटवर दुसराच माणूस होता.

प्रज्ञा आता माझ्याच हाताखाली लहान मुलींना शिकवते. रोज स्वतः लोहचुंबक ओढते आणि सांगते — एका मामांनी आळस केला, म्हणून माझी निवड हुकली. मी शेजारीच उभी असते. इतकी वर्षं उभी आहे.

मामांवर आळ मी घातला. आळशी ते नव्हते, खोटारडी मी होते. मैदान भाड्याने देणाऱ्यांशी मी भांडले, पुढेही भांडेन. पण ते खोटं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

उद्या प्रज्ञाच्या आधी मी मैदानावर पोहोचणार आहे. दोरी माझ्या हातात असेल. आणि ती गोष्ट मुलींना मी सांगेन — माझं नाव घेऊन, प्रज्ञासमोर.