कूलरवाला अन् लाल दोऱ्याची गाळनी

मार्च लागला का नागपुरात लोकाईले माही आठवन येते. बाकी वर्षभर कोनी विचारत नाही, लग्नातही बोलवत नाही. पन ऊन तापलं का फोनवर फोन. "भाऊ, पंप बंद पडला. भाऊ, गवत सडलं. भाऊ, आजच या." मी जातो. कूलरच्या जाळीतलं गवत बदलतो, टाकी घासतो, पंप चालू करून देतो. कूलरच्या टाकीत पानी किती पाह्यजे ते मले एका नजरेत समजते. माह्या टाकीत किती पाह्यजे ते समजाले मात्र डॉक्टर लागला.

मागच्या उन्हाळ्यात कन्हानले एकाच्या घरी स्टुलावर उभा होतो, अन् पाठीत डाव्या बाजूनं अशी कळ निघाली का मी खाली बसलो तो बसलोच. मले वाटलं करंट लागला. घरमालकालेही तेच वाटलं. त्यानं धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मंग घरातला पंखा बंद झाला म्हनून तो मलेच बोलला.

सोनोग्राफीत दिसलं का मुतखडा आहे. मुगाच्या दान्याएवढा.

डॉक्टर म्हने, "दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी एक गिलास पेतो साहेब. रात्री जेवताना एक."

"आणि मधे? या उन्हात? काम काय करता तुम्ही?"

"कूलरमधी पानी भरतो."

तो हसला नाही. मीही जोक मारला नव्हता. त्यानं सांगतलं का खडा लहान आहे, भरपूर पानी प्या, आपोआप पडून जाइन. महिनाभरात नाही पडला तर दुर्बिणीनं काढा लागन, अन् मंग काही दिवस काम बंद. अन् हेही सांगतलं का लघवी गाळून घेत जा, खडा सापडला तर घेऊन या.

मे महिन्यात कूलरवाल्यानं घरी बसनं म्हनजे दिवाळीत फटाकेवाल्यानं झोपून राहनं. माही बायको तर रडाले लागली. मंग डोळे पुसून तिनं एक जुनी चहाची गाळनी काढली, दांड्याले लाल दोरा बांधला अन् माह्या थैलीत टाकली.

"हे पाहा," ती म्हने, "ही गाळनी माह्या किचनमधी परत दिसली ना, तर तुम्ही नाही दिसान."

आता तुम्ही म्हनान, पानी पेनं काय अवघड आहे? पेनं सोपं आहे बाप्पा. पुढचं अवघड आहे. मी लोकाईच्या घरी काहीही मागतो. चहा मागतो, लोनचं मागतो, एका घरी तर झोपाले चटई मागतली. पन "बाथरूम कुठं आहे" एवढं माह्या तोंडातून निघत नाही. हात काळे, पाय काळे, अन् त्याईचं बाथरूम माह्या घरातल्या देवघरापेक्षा चकाचक. म्हनून मी पानीच पेत नव्हतो. पहिले शहराच्या कडेले, बेसाकडे, खुले प्लॉट होते, बाभळी होत्या, मानूस निवांत होता. आता तिथं बिल्डिंग झाली. जिथं बिल्डिंग नाही तिथं भिंत आहे, अन् भिंतीवर सगळ्या धर्माच्या देवाईच्या टाइल्स. एका देवाची नजर चुकवता येइन, एवढ्याईची कशी चुकवू?

बायकोचा रोज दुपारी फोन. "पानी पेले का?"

"हाव."

"अन् गेले का?"

"हाव वं."

दोन्ही खोटं. महिना मात्र संपत आला होता. तवा एक दिवस मले भेव वाटलं, अन् सकाळी सकाळी पुरी बाटली गटागटा पेऊन मी बेसाले गेलो, तिसऱ्या माळ्यावर, एका म्हाताऱ्या काकूच्या फ्लॅटमधी. काकू एकटी राहते. दर वर्षी तिचा कूलर मीच सुरू करतो.

गवत लावलं, टाकी भरली, पंप सोडला. आता पंप बराबर चालते का नाही हे पाहाले जरा थांबा लागते. अन् पंप काय करते? झुळझुळ झुळझुळ पानी सोडते. तीन बाजूनं! मी स्टुलावर एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"भाऊ, तुम्ही नाचून काहून राहिले?" काकू म्हने.

"हवा कुठून येते ते पाहून राहिलो काकू."

तेवढ्यात बायकोचा फोन. हात ओले, म्हनून स्पीकरवर घेतला.

"पानी पेले का?"

"हाव."

"अन् गेले का?"

"गेलो ना वं आत्ताच."

काकू म्हने, "खोटं काहून बोलता? दोन तासांपासून तर इथंच आहा तुम्ही."

फोनमधून आवाज आला, "कोन आहे तिथं? काकू, हा मानूस जात नाही वं कुठंच! त्याईच्या पोटात खडा आहे!"

तिसऱ्या माळ्यावरून उडी मारावी का, असं वाटलं. पन उडी मारली असती तर खाली पोहोचाच्या आधीच सगळं झालं असतं. मी खाली मान घातली अन् म्हनलं, "काकू, तुमचं बाथरूम..."

"उजव्या हाताले. जा ना, पळा!"

मी पळालो. दारातून परत आलो. थैलीतून गाळनी घेतली.

"भाऊ," काकू म्हने, "गाळनी कायले?"

"डॉक्टरनं सांगतलं."

"कोनता डॉक्टर आहे बाप्पा असा?"

आतमधी पहिले कळ आली, मंग घाम आला, अन् मंग गाळनीत बारीकसं टिंग वाजलं. मी एवढ्या जोरानं ओरडलो का काकूनं दार वाजवलं. "काय झालं गा भाऊ?"

"निघाला काकू, निघाला!"

"काय निघाला? साप?"

खडा धुऊन, कागदात ठेवून बाहेर आनला. काकूनं चष्मा लावून पाह्यला. "एवढासा? आमच्या ह्याईचा याच्या दुप्पट होता. अन् ते नाचले नाही."

मंग तिनं चहा आनला. मी कपात पाह्यलं, थैलीकडे पाह्यलं. गाळनी बाथरूममधीच राह्यली होती.

"काकू... कोनत्या गाळनीनं गाळला?"

"माह्या. तुमची ती लाल दोऱ्याची चिमट्यानं धरून तुमच्या थैलीत टाकली. चिमटाही घेऊन जा आता."

डॉक्टर म्हने, ऑपरेशन टळलं, पन पानी नाही पेलं तर दुसरा येइन. आता काकूनं पुऱ्या बिल्डिंगीत सांगून ठेवलं आहे. तिथं कोनाचंही दार उघडलं का लोक मले पहिले बाथरूम दाखवते, मंग कूलर. बाकीच्या घरी मले स्वतःलेच विचारा लागते. जीभ अजूनही अडकते. काल प्रताप नगरात एका साहेबाले विचारून राहिलो होतो, तेवढ्यात बायकोचा फोन.

"पेले का? गेले का?"

"थांब ना वं," मी म्हनलं, "रस्ता विचारून राहिलो."