हुकपट्टीवरची दहा तारीख

"मावशी, आई गेल्या..." एवढंच रेश्मा फोनवर म्हणाली. रेश्मा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शालूची सून. मी पापडांचा डबा भरत होते. "कुठे गेली?" असं मी विचारलं. आता आठवलं की लाज वाटते, पण खरंच तसं विचारलं. शालू रोह्याच्या त्या दुकानातून, त्या मशीनवरून उठून कुठे जाणार, हेच डोक्यात. पलीकडून रडू ऐकू आलं तेव्हा कुठे कळलं. तारीख होती सोळा एप्रिल.

आम्ही दोघी पेणच्या शाळेत एका बाकावर बसायचो. ती खाडीकाठच्या खारेपाटातून चालत यायची, मी गावातलीच. वर्गांच्या दारांवर रोमन आकड्यांच्या पाट्या होत्या. V पासून VIII पर्यंतची दारं आम्ही बरोबर ओलांडली. मग खाडीचा बांध फुटला, तिच्या वडिलांच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं आणि शालूची शाळा सुटली. IX लिहिलेल्या दारातून मी एकटीच आत गेले. पुढे मी शिक्षिका झाले. नोकरीही पेणलाच, घरही पेणलाच. शालू लग्न होऊन रोह्याला गेली, सासूच्या मशीनवर बसली आणि बघता बघता अर्ध्या गावाचे ब्लाऊज शिवायला लागली.

तिच्याकडून पहिला ब्लाऊज शिवून घेतला तेव्हा हुकपट्टीच्या आत मला लाल दोऱ्याच्या रेघा दिसल्या. म्हटलं, "शाले, हे काय गं?" तर म्हणाली, "तारीख. कपडा द्यायची." माप घेतलं की ती आधी हुकपट्टी कापायची, तिच्यावर द्यायची तारीख टाक्यांनी घालायची आणि मगच बाकीच्या कापडाला कात्री लावायची. तीही रोमन आकड्यांत! "आपले आकडे सगळे गोल गोल. तीनाला नि पाचाला सुई कुठं फिरवत बसू? हे बरे, सरळ टाके. नि गिऱ्हाइकाला वाचता येत नाय, म्हणजे भांडण नाय." पण गंमत अशी की तिला आकडे यायचे आठापर्यंतचेच. शाळेच्या दारांनी शिकवलेले तेवढेच. त्यामुळे सुरुवातीला रोह्यातल्या बायकांना ब्लाऊज मिळायचे ते महिन्याच्या पहिल्या आठ दिवसांतच! "माझी शाळा आठापर्यंत नि महिना एकतीसाचा. कसं व्हायचं गो कुसे?" मी हसून हसून बेजार. मग कापायच्या टेबलावर खडूने तिला पुढचं शिकवलं. I, V आणि X, तीन अक्षरांत सगळ्या तारखा बसतात म्हटल्यावर स्वारी खूश. पुढे दोन हजार साल उलटल्यावर वहीवर सालाचे शेवटचे दोन आकडेही तसेच लिहायला लागली. "चाळीस साल लागलं की मात्र नवं अक्षर लागेल हां, L," मी बजावलं होतं. "ते तेव्हा शिकवीन." "तवर कोण ऱ्हातंय!" ती म्हणाली होती, आणि आम्ही दोघी हसलो होतो...

एकदा टाका घातला की तारीख बदलायची नाही, हा तिचा नेम. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा तिची एक तारीख चुकली नाही. मला मात्र कायम सगळ्यात लांबची तारीख मिळायची. मी चिडायचे. "तू घरची हायस. तू थांबशील," हे तिचं ठरलेलं उत्तर. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मार्चच्या शेवटी भाचीच्या लग्नासाठी साडी घेऊन गेले तेव्हा ती वाळलेली दिसली. मी विचारलं, तर "उन्हाळा हाय" म्हणाली. मला ते पटलं. इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचले, आणि हिचा मात्र वाचता आला नाही. माझ्यासमोर तिने पट्टीवर अठ्ठावीस एप्रिल घातली. आठवड्याभराने तिचा फोन. "कुसे, तुझा ब्लाऊज आधीच होतोय. दहाला ये." दहाला माझ्याकडे पापड लाटायला बायका यायच्या होत्या. शिवाय नागोठण्यावरून रस्त्याच्या धुळीतून रोह्याला एक खेप, मग लग्नाच्या खरेदीला दुसरी. मी म्हटलं, "घाई कसली? तुझीच तारीख आहे ना अठ्ठावीस? मग अठ्ठावीसला येते." ती म्हणाली, "बरं... ये."

ठरल्याप्रमाणे अठ्ठावीसला मी रोह्याला गेले. त्या दिवशी तिचं तेरावं होतं.

जेवणं झाल्यावर रेश्माने मला दुकानात नेलं. दांडीवर न नेलेले ब्लाऊज टांगले होते. वहीत बायकांची नावं आणि पुढे रोमन तारखा. "मावशी, एवढं वाचून द्या. बायका येतात, कुठला कोणाचा ते आम्हांला कळत नाय." मी पट्ट्या उलटून एकेक तारीख वाचत गेले आणि ती वहीतलं नाव शोधत गेली. पाच एप्रिल, सात एप्रिल, नऊ एप्रिल... सगळं काम पुरं, हुकांसकट. दहाच्या पुढची तारीख एकाही कपड्यावर नव्हती. "मार्चच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडेच दिवस," रेश्मा म्हणाली. "तेव्हापासून पुढचं काम घेतलं नाय त्यांनी. तुम्हांला सांगू नको म्हणाल्या. 'ती बाई इथं येऊन शाळा भरवील.'"

शेवटचा ब्लाऊज माझा होता. पट्टी उलटली तर लाल दोऱ्यात X-IV, आणि त्याच्या शेजारी सुईची बारीक भोकं. बोट फिरवलं तर ती लागत होती. XXVIII. ज्या बाईने जन्मात एक तारीख उसवली नव्हती, तिने माझी उसवली होती.

"यावर काय लिहिलंय?" रेश्माने विचारलं.

"दहा एप्रिल."

"अगोबाई, तो तुमचा व्हय? त्या दिवशी आई सकाळपासून दुकानात येऊन बसल्या होत्या. नको म्हणत होतो आम्ही, उठवत नव्हतं त्यांना. म्हणाल्या, आज माझं एक गिऱ्हाईक यायचंय."

मी "अठ्ठावीसला येते" म्हटलं होतं, तरी ती वाट बघत बसली. आमच्या दोघींत तारीख चुकली ती माझी. हे मी रेश्माला सांगू शकले नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

निघताना रेश्मा ब्लाऊजला इस्त्री करून देत होती. "वाफ दिली की भोकं बुजतात, मावशी. काय दिसत नाय मग." मी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला. भाचीच्या लग्नात सगळ्यांनी विचारलं, एवढ्या भारी साडीवर चुरगळलेला ब्लाऊज कसा गं? काहीतरी सांगून वेळ मारून नेली. अजून त्याला इस्त्री केलेली नाही, पाणीही लावलेलं नाही.