झटक्याची तार

आमच्या ह्यांची मोटारसायकल माझ्याआधीची आहे. लग्न होऊन मी आले तेव्हा ती अंगणात उभी होतीच. बाया म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याचं पहिलं लग्न गाडीशी झालं आहे. मी हसायची. गाडीवर मी कधी जळले नाही, कारण गाडी उघडली की टॉर्च धरायला मीच लागायची. तिच्या दोन बाजूंच्या डब्यांच्या आतलं भर दुपारीसुद्धा दिसत नाही. ह्यांचा हात कुठं जाणार हे मला आधी कळायचं, उजेड तिथं जाऊन थांबलेला असायचा. चाळीस वर्षांत टॉर्च किती बदलले, हात माझाच होता.

मग सून आली. लग्नाआधी ती लोहाऱ्याला कामाला होती, पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं पुन्हा भरून देतात तिथं. तिला तारेतलं कळतं, हे घरात पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं. मला जरा जास्तच कळलं.

यंदा ह्यांचा गुडघा धरला. किक बसेना. म्हणून गाडीला बटणाचा सेल्फ बसवला आणि दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, सहा-सहा व्होल्टच्या. जुन्या गाडीला दोन बाजूंना दोन डबे, एकात एक बसते. दोघी एका तारेनं जोडल्या की बारा व्होल्ट होतात. आता ती तार कोणती घ्यायची?

मी टॉर्च घेऊन शेजारी उभी होते. ह्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"सुनबाई, तूच सांग, कोन्ती तार पायजे?"

"जाड पायजे मामाजी. सेल्फ एकदम लय करंट ओढते. मी रविवारी लोहाऱ्याहून आणतो."

रविवार तीन दिवसांवर होता. मला रात्रभर वाटत राहिलं, मला काय तार कळत नाही? सोयाबीनच्या कुंपणाला झटका मशीन लावलं ते कोणी? मी. कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून लावलं. मशीनपासून कुंपणापर्यंत जाणारी ती काळी तार चांगली करंगळीएवढी जाड असते. रानडुक्कर तिथून उलटं पळतं. तिच्यापुढं ही गाडी काय? उरलेला तुकडा खुंटीला टांगलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी हे पांढरकवड्याला गेले, सून वावरात. मी पाना घेतला आणि तार बसवली. खरं सांगते, नट आवळताना गाडी माझ्या डोक्यात नव्हतीच. ह्यांचा चेहरा होता.

संध्याकाळी मी म्हटलं, "बटन दाबून पाहा बरं."

"तार आली काय?"

"आली."

ह्यांनी दाबलं. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. हे दाबतच राहिले. मग डब्यातून प्लास्टिक जळाल्याचा वास, मग धूर. सून पिठाच्या हातानं धावत आली, पाना घेऊन तार सोडवली. तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोनं लावली व हे?" ह्यांनी विचारलं.

"मीच लावलती मामाजी, रविवारपर्यंत चालन म्हून," सून म्हणाली. "चुकलं."

हे मला सोसलं नाही. अक्कल तिची, भरवसा तिच्यावर, आणि आता मोठं मनही तिचंच? निदान माझी चूक तरी माझ्याकडे राहू दे.

"ते कायले लावते," मी म्हटलं. "म्या लावली. झटक्याची आहे."

हे गाडीला टेकून हसले. "अवं, टाकीत डुकरं शिरून राह्यले होते काय?"

सुनेनं तार सोलून दाखवली. वरून सगळं प्लास्टिकच, आत सुईएवढी बारीक तार. "आई, झटका बाहेर फुटू नये म्हून हिचं वरचं जाड ठेवते. आतून करंट थोडकाच जाते."

"मले माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं.

रविवारी तिनं तार आणली. वरून झटक्याच्या तारेपेक्षा बारीकच दिसत होती, पण आत तांब्याचे केसासारखे तंतू गच्च भरलेले. हे खुर्चीवर गुडघा चोळत बसले आणि टॉर्च त्यांनी स्वतः उचलला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

सुनेचा हात कुठं जाणार ते मला कळेना. उजेड एकीकडे, हात दुसरीकडे.

"आई, थोडं डावीकडं."

चाळीस वर्षांत मला कोणी डावीकडं म्हटलं नव्हतं. मी टॉर्च डावीकडं धरला. तिची जोडणी होईस्तोवर हलवला नाही.

गाडी पहिल्याच दाबात सुरू झाली. ह्यांनी सांभाळून टांग टाकली आणि आवाजावर आवाज चढवून विचारलं, "चक्कर मारून येतो. कोन येते मांगं?"

मी तोवर बसलेच होते.