दहाचा लाल फ्यूज

परवा गॅरेजात जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि नव्वदच्या दशकातला माझा जुना मत्सर पोटात पुन्हा पेटला.

नेरुळच्या आमच्या सोसायटीत तेव्हा गाडी फक्त शेजारच्या साळवींकडे होती. ती धुताना ते इतकं पाणी उपसत, की खाडीला ओहोटी लागे! एका संध्याकाळी जळका वास सुटला आणि तिचे दिवे गेले. मला पेढे वाटावेसे वाटले.

सगळी सोसायटी गाडीभोवती जमली. साळवींनी सुट्या फ्यूजची डबी उघडली. "यातला कुठला लावू?"

जन्मभर स्कूटर ढकललेला मी गरजलो, "वीस अँपिअरचा पिवळा ठोका! सात पिढ्या जळणार नाही."

"अहो, काहीतरीच काय!" माझी बायको पुढे आली. "भाऊजी, जळालेला लाल दहाचा आहे ना? मग दहाचाच लावा. जास्तीचा लावलात तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल."

लाल फ्यूज बसला. दिवे असे लागले, की पनवेलपर्यंतचे कोंबडे आरवले.

"मानलं, वहिनी! पहिली चक्कर तुमची. बसा पुढे."

ती बसली आणि काचेआडून हसली. तसं हसू आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत नाही. मी अजूनही अधूनमधून तपासतो.