नातीची गूळतुला

आमच्या घरात मासळी, अंडी, दूध-तूप काहीच येत नाही म्हटल्यावर डहाणूत लोकांना आमच्यापेक्षा आमच्या मुलीची दया यायची. ती तान्ही असताना शेजारीण हळूच विचारून गेली, “मग अंगावरचं तरी पाजतेस ना गो?” पाजत होते की! आईचं दूध तिच्या लेकराचंच असतं, एवढं तर वासरालाही कळतं. डॉक्टरांनी सांगितलेले बी-१२चे थेंबही मी कधी चुकवले नाहीत. पण सासूबाईंचं पालुपद एकच, दुधाविना पोर वाळतेय.

त्यांनी देवीला नवस केला होता, नात पाच वर्षांची झाली की तिची गूळतुला करीन, तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. २०१९च्या उन्हाळ्यात तो फेडायची वेळ आली. वर्षभरापूर्वी, याच वयात, नणंदेच्या मुलाची तुला झाली होती. तो सकाळ-संध्याकाळ पेला भरून दूध पिणारा. सासूबाईंनी नातीसाठी मुद्दाम त्याच्या वजनाइतकाच गूळ तोलून आणला आणि मला बजावलं, “पोरीचं पारडं वर गेलं, तर उद्यापासून घरात दूध येणार. मग तुझं काय एक ऐकायची नाय.” मी हो म्हटलं.

घोडामैदान जवळच होतं. चारोटीजवळच्या देवळात एका पारड्यात गूळ ठेवला, दुसऱ्यात माझी मुलगी फ्रॉक सावरत बसली. पारडं हललं आणि धप्पकन जमिनीला टेकलं. पोरीचं! गूळ आपला वर लटकलेला. सासूबाईंनी पूजेचा नारळ गुळावर ठेवला, मग दुसरा. पारडं ढिम्म. शेवटी माझ्या नवऱ्याला आणखी गूळ आणायला नाक्यावर पिटाळावं लागलं. मला हसू आवरेना, डोळेही भरून आले. मी जिंकले होते आणि ते लपवायची मला मुळीच गरज वाटली नाही.

रांगेतल्या एका बाईने कौतुकाने विचारलं, “काय खायला घालता हो पोरीला?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. “नाचणीची भाकर, उडदाची आमटी, तीळ. दूध नाय देत आम्ही,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “उधव्याला माझ्या माहेरी तरी आम्ही कुठं दूध पिऊन वाढलो? चहासुद्धा कोराच असायचा.”

पाच वर्षं घसा कोरडा करून मी त्यांना हेच सांगत होते.