डॉल्फिनच्या घरचे पाहुणे

आमच्या साडूंशी मी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्या गमती सांगू लागलो की कुणी मला भला माणूस समजू नये. दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमारास मस्कतमधली अर्धी मराठी मंडळी आमच्या साडूंना चक्रम म्हणत असे. उरलेल्या अर्ध्यांना त्यांच्याबरोबर बोटीतून जायची वेळ अजून आली नव्हती, एवढंच.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, राहायला मस्कतच्या वादी अदाई भागात, लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर. मी त्यांना दादा म्हणत असे. शांत असले की ते पुस्तकी मराठीत बोलत आणि चिडले की मालवणीत, त्यामुळे त्यांची शुद्ध मराठी फार लोकांनी ऐकलेली नाही. दर शुक्रवारी सकाळी ते चार मराठी कुटुंबं गोळा करून खमीस नावाच्या ओमानी माणसाच्या बोटीतून डॉल्फिन बघायला नेत. यातून त्यांना मिळत काहीच नसे. उलट शत्रू मात्र वाढत.

कारण बोटीत बसण्याआधी त्यांची परीक्षा द्यावी लागे. गुरुवारी संध्याकाळी ते त्या चारांपैकी एका कुटुंबाच्या घरी जाऊन सगळ्यांना सोफ्यावर बसवत. हा सोफा म्हणजे बोट आणि तो टीव्ही म्हणजे डॉल्फिन. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, उठायचं नाही, टाळी वाजवायची नाही. एका नव्या नवरीच्या बांगड्या वाजल्या, तर दादा म्हणाले, "वायच गप रवा. तेंका वाटात वरात इली." चिवड्याची पाकिटं कुरकुरतात म्हणून बंद, चिवडा डब्यातून आणायचा. एका डॉक्टरांनी विचारलं, "पण डॉल्फिन नक्की दिसतील ना?" दादा म्हणाले, "तुम्ही त्यांना दिसाल, हे नक्की. पुढचं त्यांच्या मर्जीवर."

समुद्रात इतर बोटी डॉल्फिनच्या कळपात सरळ मुसंडी मारत. चहूबाजूंनी कोंडाळं करून शिट्ट्या वाजवत. दादांच्या सांगण्यावरून खमीस मात्र लांबच इंजिन मंद करी, कळपाच्या बाजूबाजूने बोट चालू ठेवी आणि ते जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाकून थांबे. खमीसला हे पटवायला दादांना दोन वर्षं लागली होती. दर शुक्रवारी वाद, दर शुक्रवारी खजूर आणि कहवा. त्याचे भाऊबंद त्याला हसत. "तुम्हारा भाई का बात सच्चा है," खमीस मला एकदा म्हणाला होता, "इस वास्ते मैं सुनता." अर्ध्या तासानं, डॉल्फिन अगदी रंगात आलेले असले तरी दादा बोट वळवायला लावत. पोरं रडत. दादांचं ठरलेलं उत्तर असे, "पाहुण्यानं चहा झाला की उठायचं असतं." आणि एखाद्या शुक्रवारी डॉल्फिन दिसलेच नाहीत, तर हा माणूस सगळ्यांत खूश असे. "आज त्यांना कामं होती," म्हणे.

मला हे सगळं गमतीचं वाटे, पण पटलेलं नव्हतं. नारळी पौर्णिमेनंतरच्या शुक्रवारी दादांना मुतखड्याच्या कळा आल्या आणि बोट माझ्याकडे सोपवली गेली. आम्ही कोकणातली माणसं. समुद्राला नारळ दिल्याशिवाय पौर्णिमा झाली असं वाटत नाही. बोटीत सहा नारळ, झेंडू, हळदकुंकू होतं. कळप दूर उजवीकडे दिसला. बायका हात जोडून म्हणाल्या, "प्रत्यक्ष देवच आले हो, त्यांच्यासमोरच नारळ सोडू या." कुणी म्हणालं, "इथून व्हिडिओत काय ठिपके दिसणार?" मी खमीसला म्हणालो, "समोर घे. अगदी मध्ये."

"तुम्हारा भाई बोला है, नहीं जाना."

"भाई आज नहीं है. मैं बोलता है ना! यल्ला!"

शेवटी त्यानं बोट आत घातली. मोरयाचा गजर झाला, नारळ धपाधप पाण्यात पडले आणि कळप फुटून दोन्हीकडे पांगला. एक पिल्लू तेवढं मागे राहिलं. तरंगत्या झेंडूंभोवती ते वेड्यावाकड्या घिरट्या घालत होतं. माझी नऊ वर्षांची मुलगी अडखळत्या मराठीत म्हणाली, "बाबा, त्याची मम्मा कुठे गेला?" मी म्हणालो, येईल. आली की नाही, मला माहीत नाही. मी परतायला सांगितलं.

संध्याकाळी दादांना बघायला गेलो, तर व्हिडिओ त्यांच्या फोनवर आधीच पोचला होता. ते अंथरुणातूनच म्हणाले, "बोट आत कोणी घातल्यान?"

मी म्हणालो, "खमीसनं. ऐकलंच नाही त्यानं माझं."

शेजारी मुलगी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. बोटीतले बाकीचेही कधी बोलले नाहीत. त्यांनाही नारळ सोडायचा होताच.

खमीसचे फोन आले, दादांनी उचलले नाहीत. शुक्रवार बंद झाले. मनधरणी करायला आलेल्यांना दादा ओरडलेसुद्धा नाहीत, शुद्ध मराठीत "आता नको" म्हणाले. ते मला सगळ्यांत भयंकर वाटलं. पुढे खमीसची बोटही इतरांसारखी शिट्ट्या वाजवत कळपात शिरू लागली. मी ती कॉर्निशवरून, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावरून, बघत असे आणि घरी येऊन जेवत असे. दोन वर्षं मी असाच जेवलो.

दादांनी नोकरी सोडली, गावी कायमचं जायचं ठरलं. खोके बांधायला मी गेलो होतो. चिकटपट्टी ओढता ओढता ते म्हणाले, "एकच सल राहिला रे. खमीस. माणूस ओळखायला चुकलो मी."

मग मात्र मला ते खोकं धरून बसणं जमेना. मी सगळं सांगितलं. कुणी बोट घालायला लावली, कोण अडवत होतं, आणि कोण खोटं बोललं. चुकलं माझं, म्हणालो. दादांनी चिकटपट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "माका कित्याक सांगतंस? तेका सांग. गाडी काढ."

धक्क्यावर पोचलो तेव्हा खमीस पर्यटक भरत होता. दादा गाडीतून उतरले नाहीत. पट्टा तसाच लावलेला, नजर समोर पाण्यावर. खमीसनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या मोडक्या हिंदीत, त्या सगळ्या अनोळखी लोकांसमोर मी म्हणालो, "खमीस, उस दिन तुमने मना किया था. मैंने भाई को तुम्हारा नाम बताया. भाई का कोई कसूर नहीं, तुम्हारा भी नहीं. झूठ मैं बोला. माफ करो."