अडलेलीला विचारायचा प्रश्न

चिलेशे राग विसरणाऱ्यांतली नव्हती, आणि विसरल्याचा आवही ती कधी आणत नसे. बांग्वेउलू सरोवरातल्या त्या बेटावर सकाळी बायका मासळी धुराला लावायला जमल्या की ती सगळ्यांबरोबर खिदळायची, कुणाचंही पोर कडेवर घेऊन काम उरकायची. पण समोरून मुकुका आत्या येताना दिसली की हातातला मासा फळीवर असा आपटायची की शेजारीण म्हणे, "अगं, हळू! तो आधीच मेलाय."

"हा मेलाय," चिलेशे म्हणायची. "ती कुठे मेलीय?"

मुकुका आत्या म्हणजे तिच्या पहिल्या नवऱ्याची, साम्पाची, सख्खी आत्या आणि गावची सुईण. निम्मं बेट तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. चिलेशेचं पहिलं बाळंतपण तिनेच केलं, आणि ते अडलं. आता त्या गावात अडलेल्या बाईला एक प्रश्न विचारतात: पोटुशी असताना कुणाबरोबर गेली होतीस? नाव सांगितलं की मूल सुटतं, दडवलं तर आई आणि मूल दोघंही जातात. खरं म्हणजे हा नियम नवऱ्यालाही लागू आहे. त्याने बाहेर शेण खाल्लं असेल तरी मूल अडतं, असं म्हातारी माणसं सांगतात. पण नवरा बाहेर झाडाखाली बसलेला असतो आणि बाई हाताशी सापडलेली असते, म्हणून विचारतात ते तिलाच.

"नाव सांग," आत्या म्हणाली होती.

"कुणी नाही हो, आत्या."

"मूल उगाच अडत नाही. सांग लवकर."

सकाळची दुपार झाली. घशाला कोरड पडली म्हणून चिलेशेने पाणी मागितलं, तर आत्याने पाणी भरलेला वाळका भोपळा पायाने मागे सरकवला. "नाव आधी, पाणी मग." बाहेर किनाऱ्यावर कासोंगो नावाचा सुतार होडी तासत होता, आणि त्याच्या वाकसाचे ठोके आत ऐकू येत होते. चिलेशे त्या माणसाशी आयुष्यात कधी दोन शब्दही बोलली नव्हती. तरी कळ आली तशी ती किंचाळली, "कासोंगो! कासोंगो!" आणि नशीब बघा, त्याच कळेला मूल बाहेर आलं.

आता कुणाला सांगणार, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार? नाव निघालं, मूल सुटलं, झालं की सिद्ध. साम्पाने तान्ह्या कलुबासकट तिला माहेरी धाडलं. कासोंगो बिचारा शपथा घेत राहिला, पण तासत होता ती नवीकोरी होडी त्याला दंड म्हणून साम्पाला द्यावी लागली, आणि त्याची बायको भांडीकुंडी उचलून गेली ती परत आली नाही. पुढे कितीतरी पावसाळे साम्पा त्याच होडीतून मासेमारीला जाई, तीही चिलेशेच्या दारासमोरून. कलुबाला गावची पोरं "वाकसवाल्याची" म्हणून चिडवत.

शेवटी एक दिवस कासोंगोच येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझ्या नावापायी एवढं भोगलंस. आता माझ्या नावावर दोन घास तरी खा." तिने लग्न केलं. माणूस सोन्यासारखा निघाला, पण गाव म्हणालं, बघा, म्हटलं नव्हतं? लग्न झालं आणि ते खोटं आणखीच पक्कं झालं. चिलेशेला सुखाचा घास खातानाही आत्याची आठवण यायची आणि तो घास कडू व्हायचा.

कलुबा चांगली हाताशी आली तेव्हा चिलेशेला पुन्हा दिवस राहिले. त्या मोसमात बेटाच्या त्या टोकाला चौघी जणी पोटुशी होत्या. दवाखाना सरोवरापलीकडे, आणि वाऱ्याच्या महिन्यांत होडी निघेलच याचा भरवसा नाही. लाटा शांत होत्या तोवर चौघी एकत्र जाऊन तपासून आल्या. नर्सबाईंनी सांगितलं, तुम्हाला तसा धोका दिसत नाही, पण रक्त गेलं किंवा डोकं गरगरलं तर वारा बघत बसू नका. मग चौघींनी घरच्या बाळंतपणांची तयारी एकमेकींत वाटून घेतली. पाणी आणायला एकटीने जायचं नाही. जड मोळी जिला कमी महिने झालेत तिने उचलायची. कुणाचं छप्पर गळत नाही, नवं पातं आणि उकळलेला दोरा कुणाकडे ठेवायचा, चूल कोण सांभाळणार, कसाव्याच्या कंदाची पेज कोण करणार, सगळं ठरलं. पाय सुजले की एकमेकींचे चोळून द्यायच्या, आणि चोळताना नवऱ्यांची अशी काही सालं काढायच्या की पुरुष त्या घराला वळसा घालून जात.

या चौघींतली एक म्वापेची आई, गावभर तोंड चालणारी, पण हाताला धीट. दुसरी लाजाळू, ती फक्त हसायची. आणि तिसरी बुपे, पहिलटकरीण, मुकुका आत्याची एकुलती एक लाडकी लेक. आत्याने तिला बजावलं होतं, "त्या चिलेशेच्या वाऱ्याला उभी राहू नकोस." बुपे कसली ऐकतेय.

आणि चिलेशे? तिने बुपेला जवळ केलं, पाय चोळले, आंबट खावंसं वाटलं तर रानातून चिंचा आणून दिल्या. मनात एकच होतं. बुपेच्या बाळंतपणात आपण त्या खोलीत असायचं. पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच. मग तो प्रश्न आत्याच्या लेकीला, आत्याच्या देखत विचारला गेला पाहिजे. त्यासाठी तिने एक जागा आधीच मागून घेतली. बाळंतिणीच्या मागे बसून तिची पाठ छातीशी धरायला एक बाई लागते, ती बुपेसाठी मी, असं ती म्हणाली. बुपेला केवढा आनंद झाला.

एकदा दोघी कसावा भिजत घालत होत्या. इकडेतिकडे बघत बुपे म्हणाली, "कलुबाची आई, माझं अडलं तर?"

"का अडेल?"

"आई विचारेल ना मग." तिने हातातला कसावा पाण्यात तसाच दाबून धरला. "हे मासेमारीच्या तळावर गेले होते तेव्हा... तो रेडिओ दुरुस्त करणारा आला होता ना बाजारात. एकदाच गं. कुणाला बोलू नकोस. तुझ्याशिवाय कुणाला सांगू? हे तुला कळेल."

चिलेशेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आपल्याकडून खोटं नाव काढलं होतं, इथे तर खरं नाव आयतं ओंजळीत पडलं होतं. त्या दिवशी ती घरी इतकी खुशीत आली की कासोंगोने विचारलं, "मासळीला भाव मिळाला वाटतं?"

लाजाळू मैत्रीण मोकळी झाली, मग म्वापेची आई. दोन्ही वेळा पाठीला चिलेशेच बसली. मग एका पहाटे बुपेला कळा सुरू झाल्या.

उन्हं चढली, डोक्यावर आली, तरी मूल येईना. आत्या पुढे बसलेली, मागे चिलेशे आणि मध्ये बुपे. बाहेर झाडाखाली बुपेचा नवरा, साम्पा आणि गावातली चार पुरुषमंडळी. कोपऱ्यात बुपेची सासू भिंतीला टेकून बसली होती. तिने घसा खाकरला.

"विहीणबाई, विचारा आता."

"बाळाचं तोंड जरा वर आहे," आत्या म्हणाली. "पहिलटकरीण आहे. वेळ लागतो."

"आमच्या घरात पहिलटकरणीलाही विचारतात. तुम्हीच तर विचारत आलाय आजवर."

आत्याने बुपेच्या पोटावर उगाच हात फिरवला. चिलेशे बघत होती. आत्या प्रश्न टाळत होती! किती वर्षं चिलेशे या क्षणाची वाट बघत होती. बुपेने तिची बोटं घट्ट आवळली आणि तोंड वळवून इतकंच पुटपुटली, "सांगणार नाहीस ना गं?"

एक शब्द पुरे होता. रेडिओवाला म्हटलं की संपलं. बुपे उद्या माहेरी, बाळ आयुष्यभर "रेडिओवाल्याचं", आणि आत्याला तोंड दाखवायला जागा नाही. चिलेशेच्या जिभेवर तो शब्द अगदी येऊन बसला होता. पण तिला राहून राहून वाटत होतं की हे भलतीच्याच वाट्याला जातंय. राग पोरीवर नव्हताच. आणि पोरीची घामाने भिजलेली पाठ तिच्या छातीला चिकटलेली, मध्ये तिचं स्वतःचं पोट, आणि त्या पोटातलं मूल लाथा मारतंय.

तेवढ्यात तिला जाणवलं. बुपेचा श्वास अडकला, टाचा जमिनीत रुतल्या, सगळं अंग खाली ओढलं गेलं. या मोसमात दोनदा हेच तिने छातीशी धरून पाहिलं होतं. मूल आपणहून निघालं होतं, फार तर तीन-चार कळांचं काम. आत्या पाठीला नव्हती, आणि भीतीने तिचं लक्षही ठिकाणावर नव्हतं. तिला कळलं नाही. मूल बाहेर यायच्या आत बोलायचं तर आता घाई करायला हवी होती.

"बुपेच्या सासूबाईंचं बरोबर आहे," चिलेशे मोठ्याने म्हणाली. "कुणीतरी काहीतरी दडवून बसलंय, म्हणून मूल अडलंय."

बुपेचं अंग ताठ झालं.

"पण ते बुपे नव्हे. आत्या, ते तुम्ही."

"काय बरळतेस?"

"माझ्याकडून खोटं नाव काढलंत. पाणी दाखवून काढलंत. ते पाप पोटात ठेवून या पोरीच्या समोर बसलात, मग मूल येईल कसं? दाराशी जा. बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं सांगा."

"गप्प बस, भवाने!"

"नाही ना सांगायचं? मग लेकीला विचारा. आत्ता, सगळ्यांसमोर. माझ्या वेळी विचारलंत तसं."

"विचाराच," कोपऱ्यातून सासू म्हणाली.

आत्याने बुपेकडे पाहिलं. आईच ती, लेकीचा चेहरा तिला वाचता येत होता. तिथे सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे तिला दिसलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. गुडघ्यावर हात टेकत ती उठली. आजवर त्या दारातून ती फक्त मुलगा की मुलगी ते सांगायला बाहेर डोकावली होती.

"साम्पा, ऐक रे," ती म्हणाली. झाडाखालची माणसं वळून बघायला लागली. "चिलेशेचं कुणाशी काही नव्हतं. कासोंगोशी नाही, कुणाशीच नाही. पाण्यासाठी बोलली ती. मला तेव्हाच कळलं होतं."

शेवटचं वाक्य तिच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तेव्हाच कळलं होतं! चिलेशेला ते इतकं लागलं की क्षणभर ती बुपेला धरायचंच विसरली. पण बुपेने एक मोठी आरोळी ठोकली, म्वापेची आई पुढे झेपावली, आणि आत्या दारातून मागे वळायच्या आत मूल रडायला लागलं.

मग काय विचारता! आत्याने कबूल केलं आणि मूल सुटलं, हे सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. म्वापेच्या आईने संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचवली. किती मुलं आत्याच्या पापाने अडली असतील, याची चर्चा माशांच्या ओट्यावर रंगली. तिला बाळंतपणाला बोलावणं बंद झालं. पोटुशी बाया तिची सावलीसुद्धा टाळायला लागल्या. साम्पा कोंबडी घेऊन माफी मागायला आला. चिलेशेने कोंबडी ठेवून घेतली आणि दार लावलं. होडीही त्याला परत करावी लागली. तिचा तळ कुजला होता. कासोंगो म्हणाला, फळी बदलली तर चालेल. चिलेशे म्हणाली, "फोड तिला. माझ्या बाळंतपणाचं पाणी तिच्यावर तापवायचंय." मैत्रिणींनी ती लाकडं तिच्या दाराशी रचून दिली. बुपेही आली होती, बाळ पाठीशी बांधून.

चिलेशेचे दिवस भरत आले होते तेव्हा मुकुका आत्या भर उन्हात एकटीच चालत आली आणि दाराशी, त्या लाकडांजवळ बसली. बराच वेळ धाप लागलेली होती.

"पाणी दे गं थोडं."

"आधी कशाला आलात ते सांगा," चिलेशे म्हणाली. "पाणी मग."

आत्याने मान खाली घातली. मग म्हणाली, "मूल येतच होतं. मी दाराशी गेले नसते तरी आलं असतं. तुला पाठीला बसून कळलं होतं. खरं सांग."

"हो."

"तरी मला पाठवलंस."

"आत्या," चिलेशे म्हणाली, "कलुबाही येतच होती."

चिलेशेने भोपळा काठोकाठ भरला, आत्याच्या हातात दिला, आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.